मागची दोन चाकं

सोमवार, ३ नोव्हेंबर १९९७. उणे सहा अंश.

आज गुडरुनने आमची तांबडी गाडी चरात घातली. ग्रानबेर्गच्या चढावर, भर दुपारी, येणारे-जाणारे बघत असताना. मी वीस वर्षं या भागातल्या रस्त्यांवरचा बर्फ हटवला, पाठीने दगा दिला म्हणून घरी बसलो, पण तेवढ्या वर्षांत मला ओढून काढायची पाळी कुणावर आली नाही. आणि माझी बायको, माझ्याच गाडीत, चरात. बरं, तिला ओढून काढलं कुणी? तिच्या भावाने. बोर्येने. त्याच्या त्या नव्या जपानी गाडीने, जिची चारी चाकं इंजिनच्या जोरावर फिरतात आणि जिच्या मालकाचं डोकं एकाही बाजूला फिरत नाही.

घरी आल्यावर मी तांबडीभोवती फिरून नीट पाहिलं. दिवे शाबूत, पुढे एक पोचा. इंजिन गरम ठेवायची वायर लावली आणि आत गेलो. गुडरुन डाव्या हाताने बटाटे सोलत होती. उजव्या मनगटाला फडकं गुंडाळलं होतं.

"वळणावर ॲक्सिलरेटरवरून पाय उचललास का?" मी विचारलं.

"आठवत नाही."

"तिथेच चुकलीस. पाय उचलला की हिचं शेपूट बाहेर येतं. मग स्टिअरिंग उलटं फिरवायचं. किती वेळा सांगितलंय!"

"मी तिथे तुझी वाक्यं आठवत नव्हते, सिक्स्टन. झाड येत होतं."

मग म्हणाली, आपण बोर्येसारखी चारी चाकं फिरणारी गाडी घेऊ. मी म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. तांबडीसारख्या, मागची दोनच चाकं ढकलणाऱ्या गाड्यांवर आमच्या बापाची पिढी गेली, कुणी घरी पोचायचं राहिलं नाही.

"हिवाळाभर म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या घरी मी जाते," ती म्हणाली. नगरपालिकेची नोकरी आहे तिची, एकट्या राहणाऱ्यांना औषध द्यायचं, आंघोळ घालायची, जेवण गरम करायचं. "तू रविवारी गोठलेल्या तळ्यावर गाडी फिरवून मजा करतोस. रोज गाडी चालवते मी आणि कुठली असावी ते ठरवतोस तू."

याला माझ्याकडे उत्तर होतं. पण तिने नळ जोरात सोडला.

रविवार, ९ नोव्हेंबर. उणे चार.

बोर्ये जेवायला. गुडरुनने पाल्ट केले होते. बटाट्याचे ते गोळे लोण्यात बुडवून सहा खाल्ले की तो सोफ्यावर आडवा होतो आणि फुकटचं ज्ञान पाजळतो.

"म्हाताऱ्या, जग पुढे गेलं. एक चाक बर्फावर गरगरत बसलं तरी माझी बाकीची तीन ओढतात. ग्रानबेर्ग मी कॉफीचा कप हातात धरून चढतो."

"आणि उतरताना?" मी म्हटलं. "ब्रेक मारल्यावर तुझी चारी चाकं जास्त काय दिवे लावतात? थांबायच्या वेळी सगळ्या गाड्या सारख्याच. तुझी गाडी तुला कळूच देत नाही की खाली काच पसरलीय. कळतं तेव्हा झाड समोर असतं. मागून ढकलणारी गाडी आधी सांगते. शेपूट जरा हलवते. सांभाळ रे बाबा, म्हणते."

"मला गाडीशी गप्पा मारायच्या नाहीत. मला घरी पोचायचंय."

यावर गुडरुन हसली. मोठ्याने. बऱ्याच दिवसांनी. माझ्या बाजूने हसली की त्याच्या, ते कळलं नाही.

"मजा नावाची काही गोष्ट असते की नाही?" मी विचारलं.

"असते ना," ती म्हणाली. "रविवारी."

इथे लिहायला हरकत नाही: चढावर जपानी सरस आहे. ताज्या बर्फातून निघतानाही सरस आहे. मी काही आंधळा नाही. पण सरस म्हणजे चांगली नव्हे. त्या गाडीत माणूस बसतो आणि पार्सलासारखा पोचतो. तांबडीत माणूस गाडी चालवतो. हा फरक बोर्येला कळायचा नाही, गाढवाला गुळाची चव काय.

शनिवार, २९ नोव्हेंबर. उणे अठरा.

तळ्याने बर्फ धरला. सकाळी भोकं पाडून पाहिली, गाडी पेलेल एवढा जाड बर्फ आहे.

आणि आज अशी गोष्ट घडली की मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मी खिळ्यांचे टायर तपासत होतो. गुडरुन ओसरीच्या पायरीवर येऊन उभी राहिली.

"मला शिकव," ती म्हणाली. "तळ्यावर. नीट शिकव. ही गाडी मला एकटीला जमली पाहिजे."

लग्नाला तेहतीस वर्षं झाली, एवढ्या वर्षांत तिने मला काही शिकवायला सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, मग ती चारी चाकांची टूम? ती म्हणाली, "ते तू होऊ देणार नाहीस, ते मला कळलंय."

शेवटी कळलं म्हणायचं. माणसाने आपल्या म्हणण्यावर ठाम राहावं, घर आपोआप ताळ्यावर येतं.

रविवार, ७ डिसेंबर. उणे बारा.

पहिला धडा. मी तळ्यावर बर्फ सारायचा नांगर फिरवून गोल रस्ता केला होता, दोन सरळ भाग आणि चार वळणं. वळणाच्या आधी पाय उचल. वजन पुढे जातं, मागचं हलकं होतं, शेपूट सुटतं. सुटू दे. घाबरून ब्रेक मारू नकोस. आता स्टिअरिंग शेपटाच्या बाजूला, आणि पाय परत हळूच खाली. मागची चाकं ढकलतात आणि पुढची वाट दाखवतात, दोघांची कामं वेगळी, म्हणून तर त्यात नाच आहे.

ती गरगरली. पुन्हा गरगरली. मी जरा ओरडलो असेन. शिकवताना आवाज चढतोच. तिने एकदाही उलट उत्तर दिलं नाही, दात आवळून परत पहिल्या वळणाकडे गेली. पूर्वी अशी नव्हती. पूर्वी असं ओरडलो असतो तर दार आपटून चालत घरी गेली असती.

येताना म्हणाली, "पुढच्या रविवारीही."

मला बरं वाटलं. तिला चव लागली.

शुक्रवार, २६ डिसेंबर. उणे एकवीस.

नाताळ झाला. आज तळ्यावर आम्ही दोघंच होतो. दुपारी सूर्य जंगलाच्या कडेला तेवढा टेकून गेला, सगळं तळं गुलाबी झालं होतं. गुडरुनने तिसऱ्या वळणाआधी पाय उचलला, तांबडीचं शेपूट बाहेर आलं, आणि तिने ते तसंच बाहेर धरून अख्खं वळण काढलं. हात अगदी शांत. स्टिअरिंगशी झटापट नाही. आणि वळण संपल्यावर ती हसली, पूर्वी लोकनृत्याच्या मांडवात हसायची तशी.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. थंडीने म्हणावं तर हीटर चालू होता. माझं हिच्यावर प्रेम आहे. हे मी तिला म्हणालो नाही, आमच्यात तसं म्हणायची पद्धत नाही. मी म्हटलं, "दुसऱ्या गिअरमध्ये अजून जरा आधी यायला हवं होतंस."

"हं," ती म्हणाली.

परत येताना तिने बरेच प्रश्न विचारले. समुद्राकडच्या रस्त्याला बर्फ ओला असतो ना, तिथे तांबडी कशी वागेल? एका टाकीत उमियो शहरापर्यंत जाता येईल का? वाटेत मोठे चढ किती? उमियोला तिची मावसबहीण बेरित राहते, हल्ली दोघींचे फोन वाढलेत. मी सगळं सविस्तर सांगितलं. चढ कुठे, हरणं रस्त्यावर कुठे येतात, पंप कुठे. ईस्टरला मला घेऊन जायचा बेत दिसतोय. मी काही ओळखल्याचं दाखवलं नाही. बायकांना असलं गुपित ठेवायला आवडतं.

बुधवार, १४ जानेवारी १९९८. उणे एकतीस, काल दिवसभर बर्फ.

वाईट दिवस. ग्रानबेर्गच्या वर हिल्मा राहायची, ब्याण्णव वर्षांची, गुडरुनच्या म्हाताऱ्यांपैकी सगळ्यांत जुनी. सकाळी गुडरुन तिच्याकडे निघाली. चढावर नांगर आला नव्हता. तांबडी अर्ध्यावर अडकली, मागची चाकं जागच्या जागी फिरत राहिली. तिने मागे घेऊन, वेग धरून पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. शेवटी गाडी तिथेच टाकून चालत वर गेली, मांडीएवढ्या बर्फातून. हिल्मा स्वयंपाकघरात जमिनीवर पडलेली होती. पहाटेच पडली असावी. श्वास चालू होता. रुग्णवाहिका येईपर्यंत गुडरुन तिला मांडीवर घेऊन बसली होती. वाटेत गेली म्हातारी.

हे सगळं तिने मला सरळ आवाजात सांगितलं, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं.

मी विचारलं, मागे वजनाला वाळूच्या गोण्या होत्या ना? होत्या म्हणाली. मग खालपासून वेग धरला होतास का? धरला होता म्हणाली. मग मी म्हटलं, असल्या बर्फात कुठलीच गाडी वर गेली नसती.

"बोर्ये गेला," ती म्हणाली. "मी वरून त्याला फोन केला. त्याच चढाने आला. रुग्णवाहिकेला वाट करून द्यायला."

मी म्हटलं, ब्याण्णव वर्षं हे काही कमी नाही. ती आत जाऊन झोपली. दुपारचे तीन वाजले होते.

मला बरं वाटत नाहीये. तीन गोण्या होत्या, पाच घालायला हव्या होत्या. हे तिला सांगितलं तर पुन्हा चारी चाकांचं पुराण सुरू होईल, म्हणून बोललो नाही.

मंगळवार, २० जानेवारी. उणे चौदा.

काल हिल्माची माती झाली. परतताना मी वाट बघत होतो, आता गुडरुन गाडीचा विषय काढेल. मनात सगळी उत्तरं तयार ठेवली होती. तिने काढला नाही. रात्रीच्या जेवणाला नाही, आजही नाही. उलट म्हणाली, "तुझं खरं आहे. ज्याला चालवता येतं त्याला ही पुरते."

जिंकलो म्हणायला हवं. पण तिने ते ज्या आवाजात म्हटलं, तो मला ओळखीचा वाटला नाही.

रविवार, ८ फेब्रुवारी. उणे सोळा.

मार्चच्या पहिल्या रविवारची तळ्यावरची शर्यत यंदा रंगणार. शर्यत भरवणाऱ्या क्लबने ठरवलंय, शेवटची लढत सगळ्यांची एकत्र. मागून ढकलणाऱ्या, पुढून ओढणाऱ्या, चारी चाकांच्या, सगळ्या. बोर्ये पेट्रोल पंपावर सगळ्यांसमोर म्हणाला, "काय म्हाताऱ्या, उतरतोस? की तुझी बडबड सोफ्यापुरतीच?"

माझी शर्यतीची गाडी मागच्या वर्षीच गंजून गेली. म्हणून मी म्हटलं, तांबडीला उतरवतो.

पंपावरचे सगळे माझ्याकडे बघायला लागले. कारण आमच्या शर्यतीचा नियम. जी गाडी शर्यतीत उतरली ती शर्यत संपल्यावर विकाऊ. किंमत क्लबने ठरवलेली, सगळ्या गाड्यांना एकच, आणि ती इतकी कमी की तेवढ्यात धड सायकलही यायची नाही. ज्याला जी गाडी हवी त्याने चिठ्ठी लिहून सॉसेजची टपरी चालवणाऱ्या डोरिसच्या कॉफीच्या डब्यात टाकायची. चिठ्ठी निघाली की मालकाने मुकाट्याने कागदावर सही करून चाव्या द्यायच्या. नाही म्हटलं तर तळ्यावर पुन्हा पाय ठेवायचा नाही. हेतू असा की कुणी गाडीवर वारेमाप खर्च करू नये. फार सजवलीस तर शेजारी घेऊन जाईल.

पण या नियमाच्या खाली दुसरा एक नियम आहे, तो कुठे लिहिलेला नाही. माणसाची रोजची गाडी कुणी मागत नाही. तसं करणाऱ्याला नंतर पंपावर कुणी कॉफीलाही विचारणार नाही.

घरी गुडरुन म्हणाली, "तांबडीलाच? नियम ठाऊक आहे ना?"

"गावात कुणाची हिंमत आहे?"

"कुणीही चिठ्ठी टाकू शकतं ना? न धावणारंसुद्धा?"

"टाकू शकतं. टाकणार नाही."

तिने आमच्याकडच्या पद्धतीने श्वास आत ओढून हो म्हटलं आणि विणायला बसली. मला बरं वाटलं की तिला तांबडीची एवढी काळजी आहे.

रविवार, २२ फेब्रुवारी. उणे आठ.

गुडरुन या आठवड्यात उत्साहात आहे. तिने तांबडी आतून धुतली, गालिचे झटकले, डिकीत साचलेला माझा पसारा काढून शेडमध्ये रचला. शर्यतीसाठी गाडी हलकी हवी, हे मी न सांगता तिला समजलं. तिचे जुने कपडे, भांडी, शिवणाचं मशीन असं खोक्यांत भरून ठेवलंय, बेरितकडे पाठवायचंय म्हणाली. बरं झालं, कपाटात जागा झाली.

एकच खटकलं. काल बोर्ये आला होता. मी आत गेलो तर दोघं बोलायचे थांबले. बोर्येचे डोळे लाल होते. मी विचारलं, काय रे, हरायची भीती वाटतेय का? तो म्हणाला, "हो, म्हाताऱ्या. तेच." एवढा सरळ तो कधी बोलत नाही.

रविवार, १ मार्च. उणे पाच, स्वच्छ ऊन.

जिंकलो.

आधी ते लिहितो, कारण ते खरं आहे आणि पुढे जे झालं त्याने ते खोटं होत नाही.

सुटताना जपानी अपेक्षेप्रमाणे पुढे गेली. चारी चाकांनी बर्फ धरला आणि गेली, मी मागे मागची चाकं फिरवत, लोक हसत होते. पहिल्या फेरीत तो बराच पुढे होता. पण दुपारच्या उन्हाने वळणं काचेसारखी झाली होती. दुसऱ्या फेरीत मी प्रत्येक वळणाला तांबडीचं शेपूट आधीच बाहेर काढत होतो, म्हणजे वळण संपायच्या आत तिचं तोंड सरळ रस्त्याकडे झालेलं असायचं. बोर्ये सरळ यायचा, ब्रेक मारायचा, आणि गाडी तशीच सरळ जायची. मी त्याला तेच तर सांगत आलोय. शेवटच्या वळणाला तो नाकाने बर्फाच्या ढिगात गेला. चारी चाकं फिरत होती. मी त्याच्या बाजूने निघून गेलो.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तळ्याच्या मधोमध तांबडी गोल गोल फिरवली, साठीचा माणूस, पोरासारखा. उतरलो. गुडरुनला शोधलं. ती सॉसेजच्या टपरीजवळ उभी होती, चांगला कोट घालून, खांद्याला पिशवी.

मग डोरिसने चिठ्ठ्या काढल्या. ती टपरीही चालवते आणि क्लबचा कारभारही. भोंगा हातात घेऊन एकेक गाडी, एकेक नाव. जुन्या मोडक्या गाड्यांना चारचार चिठ्ठ्या, हशा, ओरडा. बोर्येच्या जपानीला एकही नाही, तिथेही मर्यादा पाळलेली. मग ती म्हणाली, "सिक्स्टनची तांबडी. एक चिठ्ठी." आणि चिठ्ठी उघडून ती थांबली. भोंगा खाली घेतला. मग परत वर.

"गुडरुन."

सगळे हसले. मीसुद्धा. मला वाटलं, वा, काय थट्टा केली बायकोने. चार लोकांत. नवऱ्याची गाडी नवऱ्याकडूनच विकत. मी हसत तिच्याकडे गेलो. ती हसत नव्हती. तिच्या हातात पैशांचा लिफाफा होता, तो तिने डोरिसला दिला.

"अगं, काय हे," मी म्हटलं.

"चाव्या दे, सिक्स्टन."

"घरी जाऊन बोलू."

"मी घरी येत नाहीये. उमियोला काम मिळालंय. उद्यापासून. बेरितकडे राहते आधी."

मी म्हटलं, कसलं काम. म्हाताऱ्यांचंच, ती म्हणाली. मी म्हटलं, जायचंच होतं तर बसने जायचं, बोर्येला सांगायचं, माझी गाडी कशाला. मला एवढंच सुचलं. आजूबाजूला सगळं गाव उभं होतं आणि सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते.

"तिथेही म्हातारी माणसं लांब लांब राहतात," ती म्हणाली. "मला गाडी लागणार. तू दुसरी घेऊ दिली नाहीस. माझ्याकडे होते तेवढ्या पैशांत हीच येते. आणि मला चालवता येते अशी एवढीच आहे."

"मी सही करत नाही," मी डोरिसला म्हटलं.

डोरिसने कागद पुढेच धरला. बोर्ये माझ्या शेजारी येऊन उभा राहिला, कपाळावर अजून बर्फ चिकटलेला. "कर," तो म्हणाला. "नियम आहे. तिने काही चोरून नेलं नाही. सगळ्यांसमोर मागितलं."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी सही केली.

गुडरुनने चाव्या घेतल्या. मग हातमोजा काढून माझ्या गालाला हात लावला. हात गरम होता. मला वाटलं आता काही म्हणेल. ती म्हणाली, "तू चांगलं शिकवलंस." आणि गाडीत बसली. खोकी सकाळीच टपरीमागे आणून ठेवलेली होती, बोर्येने ती डिकीत भरली. त्याने भरली, मी बघत होतो.

तळ्यावरून रस्त्याला लागताना एक अवघड वळण आहे, चढाचं. शर्यतीच्या गाड्यांनी ते घासून गुळगुळीत केलं होतं. तिने खालपासून वेग धरला, पाय उचलला, शेपूट बाहेर काढलं, सांभाळलं आणि वर गेली. एकही चूक नाही. मला ओरडावंसं वाटलं, पण काय ओरडायचं ते कळेना.

गुरुवार, ५ मार्च. उणे नऊ.

तीन दिवस काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही झालं नाही. घर फार मोठं आहे, हे आजवर माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आज बोर्ये आला. म्हणाला, चल, दुकानात नेतो, घरात दूध तरी आहे का? मी म्हटलं, तुझ्या त्या गाडीत बसणार नाही. मग बसलो, कारण दूध नव्हतं आणि बस उद्या आहे.

"तुला ठाऊक होतं," मी म्हटलं.

"सगळ्यांना ठाऊक होतं, सिक्स्टन. गाडीचं कुणालाच नव्हतं. जाणार हे ठाऊक होतं."

"मला नाही सांगितलंत."

"तिने तुला तीन वर्षं सांगितलं."

खोटं आहे. ती मला गाडीबद्दल सांगत होती.

दुकानाचा रस्ता ग्रानबेर्गवरून जातो. काल रात्री बर्फ पडला होता, नांगर अजून फिरला नव्हता. चढ सुरू झाला. मी दाराची मूठ धरली. आणि काही झालं नाही. चाकं घसरली नाहीत, इंजिन ओरडलं नाही, शेपूट हललं नाही. मी पूर्ण चढभर वाट बघत होतो की आता अडकेल, आता अडकेल. गाडी वर गेली. कॉफीचा कप हातात असता तर सांडला नसता. वर हिल्माचं घर लागलं, पडदे काढलेले, पायऱ्यांवर बर्फ तसाच. गुडरुन इथपर्यंत चालत आली होती.

बोर्ये काही बोलला नाही. एरवी त्याने संधी सोडली नसती. तो गप्प बसला याचा मला जेवढा राग आला तेवढा तो बोलला असता तर आला नसता.

संध्याकाळी फोन वाजला. तिचाच.

"मी रविवारी नीट पोचले," ती म्हणाली. "कळवायचं राहून गेलं. लगेच काम सुरू झालं."

"बरं."

"तू जेवतोयस ना?"

"जेवतोय."

तिच्या मागे कुठेतरी रेडिओ चालू होता, बेरितचा असणार.

"तुला काही विचारायचंय?" तिने विचारलं.

विचारायचं होतं. एकटीला रस्त्यात भीती वाटली का. मी त्या दिवशी तळ्यावर काय म्हणायला हवं होतं. परत येणार आहेस का, या वर्षी, पुढच्या वर्षी, कधीही. सगळं तोंडाशी आलं होतं, मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता.

"तांबडी कशी चालली?" मी विचारलं.

मागचा रेडिओ बंद झाला.

"छान चालली," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.